बोनस, बक्षीस आणि दिवाळीची पोस्त



प्लेसमेंटचा सीझन जवळ आला की होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच चर्चा रंगते. कंपनी कुठली हे नंतर. पहिला प्रश्न ‘पॅकेज किती?’ आणि लगेच दुसरा, ‘त्यात फिक्स्ड किती नि व्हेरिएबल किती?’ सहा लाखांतले दोन लाख व्हेरिएबल निघाले की आपण तोंड वाकडं करतो. सीनियर्स समजावतात, ‘व्हेरिएबल म्हणजे मिळालं तर मिळालं. दर महिन्याला हातात काय पडणार तेवढं बघ.’ हे शहाणपण आपल्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. पोटापाण्याची गोष्ट आली की माणूस आधी खात्री शोधतो आणि मग बक्षीस. एवढं साधं आहे हे.

आता आपल्याच गावाकडे बघूया. रात्री रूमची खिडकी उघडली की लांबून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. पहिल्या वर्षी तिच्यामुळे झोप लागत नाही आणि दुसऱ्या वर्षी ती थांबली की जाग येते! मालेगाव, इचलकरंजी आणि भिवंडी ही महाराष्ट्रातली यंत्रमागांची तीन मोठी गावं. एकट्या भिवंडीत लाखो माग. त्यांवर काम करणारे कारीगर बहुतेक उत्तर प्रदेश, बिहारमधून आणि तेलंगणातून आलेले. बारा तासांची पाळी, जेवण भिस्सीत म्हणजे कामगारांच्या खाणावळीत, आणि मजुरी मीटरवर. जेवढे मीटर कापड उतरलं तेवढे पैसे. माग बंद तर मजुरी बंद. भरपगारी सुट्टी, आजारपणाची रजा हे शब्द त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला येतच नाहीत. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या माणसाचं पॅकेज शंभर टक्के व्हेरिएबल आहे!

‘त्यात काय वाईट? जास्त काम कर, जास्त कमव. यापेक्षा मोठं मोटिव्हेशन कुठलं?’ असं कुणीतरी म्हणेलच. आपण इंजिनियर मंडळी, तेव्हा आधी आकडेमोड करू. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती बसतात तो त्याचा ‘पिक’. ५२ पिकचं साधं कापड धरूया. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे जवळजवळ २,०५० आडवे धागे. माग मिनिटाला १४० वेळा धोटा फेकतो असं धरलं तर एक मीटर विणायला साधारण साडेचौदा मिनिटं लागतात. बारा तासांत एकदाही न थांबता चालला तर ४९ मीटर. एका कारीगराकडे सहा माग आहेत असं समजा, म्हणजे २९५ मीटर. आता पाळीतला पाव हिस्सा वेळ माग बंद राहिले तर हाच आकडा २२१ वर येतो. एका पाळीत ७४ मीटरची मजुरी गेली.

प्रश्न असा की माग बंद का राहतो? सूत कच्चं आलं म्हणून. सायझिंग नीट झालं नाही आणि ताणा सारखा तुटतोय म्हणून. कांडी वेळेवर भरून आली नाही म्हणून. बीम संपला आणि नवा चढला नाही म्हणून. वीज गेली म्हणून. मागाचा पट्टा तुटला आणि जॉबर दुसऱ्या मागावर अडकलाय म्हणून. यातल्या किती गोष्टी कारीगराच्या हातात आहेत? तुटलेला धागा तो किती चटकन जोडतो आणि सहांतल्या कुठल्या मागाकडे आधी धावतो, एवढंच. बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात आणि नुकसान मात्र त्याच्या खिशात. ज्या गोष्टीवर माणसाचा ताबाच नाही तिच्यावर त्याची कमाई टांगून ठेवायची आणि त्याला ‘प्रोत्साहन’ म्हणायचं, हे माझ्या तरी पचनी पडत नाही.

मॅनेजमेंटच्या पेपरला आपण हे सगळं पाठ करतो. टेलर, मेयो, मॅस्लो, हर्झबर्ग. दहा मार्कांचा प्रश्न, आकृतीसकट! पण या मंडळींनी नक्की काय केलं होतं ते जरा नीट वाचलं तर मजा येते.

फ्रेडरिक टेलर यांचं पुस्तक १९११ सालचं. त्यात बेथलहेम स्टीलच्या कारखान्यातली प्रसिद्ध गोष्ट आहे. लोखंडाचे ठोकळे उचलून वॅगनमध्ये भरणारा माणूस दिवसाला साडेबारा टन माल भरायचा, तो टेलरच्या पद्धतीने साडेसत्तेचाळीस टन भरू लागला. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. टाळ्या! पण कॅल्क्युलेटर काढा. काम जवळजवळ पावणेचार पट वाढलं आणि मजुरी साधारण साठ टक्के. हा हिशोब कामगारालाही येत असतो, बरं का. त्याला डिग्री लागत नाही.

त्याला तो येतो याचा पुरावा शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात मिळाला. तिथले प्रयोग १९२४ ते १९३२ या काळात चालले. आपण त्यातला दिव्यांचा प्रयोग तेवढा लक्षात ठेवतो. पण १९३१-३२ मध्ये तिथे १४ कामगारांचा एक गट वेगळ्या खोलीत बसवून पाहिला होता. जास्त माल काढला की सगळ्या गटाला जास्त पैसे, अशी योजना होती. तरीही त्या कामगारांनी आपापसात एक आकडा ठरवला आणि त्याच्या वर काम जाऊ दिलं नाही. जास्त करणाऱ्याला बाकीचे टोकायचे. कारण? आज जास्त काढून दाखवलं तर उद्या साहेब दर कमी करेल, नाहीतर माणसं कमी करेल, ही भीती. पैसे समोर ठेवलेले होते. विश्वास नव्हता. विश्वास नसेल तर इन्सेंटिव्हची योजना कागदावरच राहते.

मग येतात हर्झबर्गसाहेब. १९५९ सालचं त्यांचं पुस्तक. पगार, कामाची जागा, साहेबाचं वागणं या गोष्टी वाईट असतील तर माणूस नाराज होतो, पण त्या चांगल्या झाल्या म्हणून तो पेटून काम करत नाही. खरा उत्साह येतो तो कामातल्या यशाने, कौतुकाने, जबाबदारीने, असं त्यांचं म्हणणं. छान आहे. पण त्यांनी हे विचारलं कुणाला? पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंटना. म्हणजे ज्यांचा पगार पहिल्या तारखेला बँकेत जमा होतो अशांना. सहा मागांमध्ये धावणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर आकृती अशीच आली असती का?

यावर एक मजेशीर पाहणी आहे. अमेरिकेत १९४६ मध्ये कामगारांना विचारलं की नोकरीत तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवं, दहा गोष्टींचा क्रम लावा. त्यांनी ‘केलेल्या कामाचं कौतुक’ पहिल्या नंबरवर ठेवलं. सुपरवायझर लोकांना विचारलं की तुमच्या माणसांना काय हवं असेल, तर ते म्हणाले ‘चांगला पगार’. केनेथ कोवॅक यांनी हीच यादी पुन्हा वापरली आणि १९८६ च्या पाहणीत ‘आवडीचं काम’ पहिलं आलं, पगार पाचवा. सुपरवायझरचं उत्तर मात्र चाळीस वर्षांनंतरही तेच! इथपर्यंत बऱ्याच पुस्तकांत येतं. पण त्याच पाहणीचा पुढचा भाग कमी लोक सांगतात. तिशीच्या आतले आणि सगळ्यात कमी कमावणारे कामगार वेगळे काढले, तेव्हा त्यांचा पहिला नंबर चांगल्या पगारालाच होता. म्हणजे ‘पैशाने माणूस कामाला लागत नाही’ हेही अर्धसत्य आणि ‘फक्त पैशानेच लागतो’ हेही अर्धसत्य. कुणाला काय हवं हे तो कुठल्या पायरीवर उभा आहे त्यावर ठरतं. आणि ते वरून बघून कळत नाही, विचारावं लागतं.

आपल्याकडे असं कुणी विचारलं होतं का? हो तर! आणि या सगळ्या साहेबांच्या कितीतरी आधी. नारायण मेघाजी लोखंडे हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये नाही, पण असायला हवं. आपल्याच ठाण्यात १८४८ साली जन्मलेला हा माणूस. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यात मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाला तर पोटाची सोय.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. महाराष्ट्रातल्या कामगारांच्या आवडीनिवडीची ही माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक पाहणी आहे. यात ‘जास्त माल काढला तर जास्त बक्षीस द्या’ असं कुठेही नाही. उत्कृष्ट कामगाराला मानपत्र नाही. आहे ती वेळ, विश्रांती, ठरलेली तारीख आणि हात तुटला तर उपाशी न मरण्याची हमी. रविवारच्या सुट्टीसाठी १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. पगाराच्या तारखेचा कायदा यायला तर १९३६ साल लागलं. त्या कायद्याने हजारपेक्षा कमी कामगार असतील तिथे महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा असं ठरलं. आज आपण रविवारी दहापर्यंत झोपतो ती या लोकांची कृपा.

आता थोडं शब्दांबद्दल. मी पडले कॉन्व्हेंटची. शाळेत ‘रिवॉर्ड’ला एकच मराठी शब्द शिकवला होता, बक्षीस. पण घरी आजीकडे आणखी एक शब्द होता, पोस्त. दिवाळीला पोस्टमन, वॉचमन, केर नेणारी बाई यांना द्यायची ती पोस्त. पोस्त देणाऱ्याच्या मर्जीवर असते. यंदा पन्नास रुपये, पुढच्या वर्षी शंभर, कधी एखादी जुनी साडी. घेणाऱ्याने हसून नमस्कार करायचा, कमी दिली म्हणून विचारायचं नाही. पोस्त देणारा वाईट असतो असं नाही. आजी तर फार प्रेमाने द्यायची. पण पोस्त आणि मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मालकाला त्या एकच वाटल्या की भांडण सुरू होतं.

मुंबईच्या बोनसचा इतिहास म्हणजे हेच भांडण. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे गिरण्यांना बरकत आली, तेव्हा मालकांनी काही वर्षं कामगारांना बोनस दिला. १९२३ मध्ये तो नाकारला. मालक म्हणाले, ही आमची खुशी होती. कामगार म्हणाले, हा आमचा हक्क झाला. जानेवारी १९२४ मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीने निकाल दिला की कामगारांना बोनस मागण्याचा कायदेशीर हक्क नाही. म्हणजे पोस्तच! संप फसला. पण मागणी मेली नाही. १९५० मध्ये कामगार अपील लवादाने सूत्र ठरवलं की नफ्यातून घसारा, कर, भांडवलावरचा परतावा वगैरे वजा केल्यावर जे उरेल त्यात कामगाराचाही वाटा आहे. १९६५ मध्ये बोनसचा कायदा आला. किमान बोनस आधी ४ टक्के, पुढे ८.३३ टक्के. कमाल २० टक्के. हा ८.३३ आकडा कुठून आला? शंभर भागिले बारा! म्हणजे वर्षाला एक जादा महिन्याचा पगार. तोटा झाला तरी किमान बोनस द्यायचा. २०१९ च्या वेतन संहितेतही हीच टक्केवारी ठेवली आहे. मर्जीची गोष्ट हिशोबाची व्हायला १९२४ पासून १९६५ पर्यंत ४१ वर्षं गेली.

पुढची गोष्ट आपल्या भिवंडीशी जोडलेली आहे. १९८१ च्या दिवाळीत मुंबईच्या गिरण्यांत बोनसवरूनच असंतोष पेटला आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. मागण्यांमध्ये पगारवाढ तर होतीच, पण बदली कामगारांचा प्रश्नही होता. बदली म्हणजे जो रोज गेटवर येऊन उभा राहतो आणि कुणी गैरहजर असेल तरच त्या दिवशी काम मिळतं असा कामगार. त्याला कायम व्हायचं होतं. पुन्हा तेच! बक्षीस नको, उद्याची खात्री द्या. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बसल्या. संपाच्या काळात आणि नंतर कापडाचं काम मोठ्या प्रमाणात यंत्रमागांकडे आलं आणि भिवंडीचे माग वाढले. कापड तेच राहिलं. पण गिरणीतल्या कायम कामगाराला असलेला महिन्याचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, रजा, बोनस हे सगळं मुंबईतच राहिलं. ठाण्याची खाडी ओलांडून इकडे आली ती फक्त मीटरवरची मजुरी.

आणि आता नवं भिवंडी बघा. मुंबई-नाशिक हायवेच्या दोन्ही बाजूंना, मानकोली, पूर्णा, काल्हेर, दापोडे, पार पडघ्यापर्यंत गोदामंच गोदामं. आपण होस्टेलवर ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंतल्या कितीतरी तिथूनच सुटतात. अशा कामात पोरं ठेकेदारामार्फत लागतात आणि हातातला स्कॅनर तासाला किती माल उचलला ते मोजतो. भिंतीवर ‘एम्प्लॉई ऑफ द मन्थ’चा फोटो लावायची फॅशन आहे. फोटोला माझा विरोध नाही. पण पुढच्या महिन्यात आपण कामावर असू की नाही हे ज्याला माहीत नाही, त्याला या महिन्याचा सर्वोत्तम ठरवून काय मिळवलं? धोटा गेला, स्कॅनर आला. कमाई टांगलेली ती टांगलेलीच.

आता दुसरी बाजू. यंत्रमागवाल्यांपैकी बरेच जण स्वतःच जॉबवर्क करतात. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, मालकाला मिळतात मीटरमागे पैसे. म्हणजे तोही एका अर्थाने मीटरवरचाच माणूस. मंदी आली की त्याचेही माग भंगारात जातात. तो म्हणेल, ‘माझीच खात्री नाही, मी दुसऱ्याला कुठून देऊ?’ खरं आहे. दुसरं असं, की सगळ्यांना सरसकट सारखा पगार दिला तर मन लावून काम करणारा आणि टंगळमंगळ करणारा एकाच मापात जातात आणि चांगला माणूस निराश होतो. हेही खरं. ग्रुप प्रोजेक्टमध्ये आपण सगळ्यांनी ते अनुभवलंय! म्हणून मी पीस-रेट बंद करा असं म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच की क्रम लावा. आधी ठरलेली किमान मजुरी, माग चालो वा न चालो. ती वेळेवर. त्यावर जास्त कामाचे जास्त पैसे, पण ते कामगाराच्या हातात असलेल्या गोष्टींवर. सूत खराब आलं, वीज गेली, बीम आला नाही, तर तो वेळ हिशोबातून वगळा. मागावर एक साधा काउंटर बसवून थांबण्याची कारणं लिहून ठेवणं अवघड नाही. आपल्यातल्या कुणाच्याही मिनी-प्रोजेक्टमध्ये बसेल. आणि एकदा दर ठरला की जास्त माल निघाला म्हणून तो मध्येच कमी करायचा नाही. हॉथॉर्नची ती खोली विसरायची नाही. यात मालकाचाही फायदा आहे. माग कशामुळे बंद राहतो हे कागदावर आलं की तो व्यापाऱ्याला दाखवू शकेल की सूत कुठलं खराब होतं. आज तो तोटा गुपचूप कारीगराच्या मजुरीत मुरतो, म्हणून कुणाला दिसतच नाही.

हे मी आपल्याला का सांगतेय? कारण आणखी दोन वर्षांनी आपल्यातलेच काही जण शॉप फ्लोअरवर शिफ्ट इंजिनियर असतील. कुणी गोदामात ऑपरेशन्स बघेल. इन्सेंटिव्हची एक्सेल शीट आपल्यापैकीच कुणाला तरी बनवायला सांगतील. त्या शीटमध्ये एक कॉलम कुणाच्या तरी रात्रीच्या जेवणाचा असतो. तेव्हा आकडा भरण्याआधी खाली जाऊन विचारा, ‘दादा, तुम्हाला काय हवंय?’

आणि त्यासाठी दोन वर्षं थांबायचीही गरज नाही. आपल्याच आवारात मेसमधले काका, सफाईच्या मावशी, गेटवरचे वॉचमन ठेकेदारामार्फत काम करतात. गेल्या दिवाळीत होस्टेलच्या मुलामुलींनी वर्गणी काढून सगळ्यांना स्टीलचे डबे दिले. सगळ्यांना ते आवडले. आमच्या मजल्यावरच्या मावशींनाही आवडला. पण दुसऱ्या दिवशी झाडताना त्या म्हणाल्या, ‘पोरी, डबा छान आहे गं. पण आजारी पडले की खाडा धरतात, तेवढं कुणी बोलेल का?’ डबा ही पोस्त होती. खाडा हा हिशोब आहे. पोस्त जरूर द्यावी, प्रेमाने द्यावी. पण ती दिली म्हणजे हिशोब चुकता झाला असं नाही.

म्हणून विद्यार्थी प्रतिनिधींना आणि आपल्या सर-मॅडमना एक सुचवते. यंदा दिवाळीच्या आधी, वर्गणीचा डबा फिरवण्यापूर्वी, या सगळ्यांना एकच प्रश्न विचारूया, ‘तुम्हाला सगळ्यात आधी काय हवं?’ नाव न लिहिता, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आपण लिहून घेऊ. ठेकेदाराचा माणूस तिथे नसावा एवढी काळजी घेऊ. जी यादी येईल ती प्राचार्यांपर्यंत न्यावी. कॉलेजने ठेका पुन्हा देताना त्यात तीन ओळी घालाव्यात. पगार सात तारखेच्या आत बँकेत, आठवड्याची सुट्टी पगारी, आणि आजारपणाचे ठरावीक दिवस खाड्यात धरायचे नाहीत. याला थोडे पैसे लागतील. गॅदरिंगच्या डीजेपेक्षा जास्त लागतील की कमी, याचा हिशोबही मांडूया. आपण इंजिनियर आहोत, हिशोबाला घाबरत नाही!

१८८४ ची ती यादी साडेपाच हजार लोकांची होती. आपली पंचवीस-तीस जणांची असेल. पण मला खात्री आहे, दोन्ही शेजारी ठेवल्या तर निम्म्या ओळी सारख्याच निघतील. नाही निघाल्या तर उत्तमच, तेवढं आपण पुढे आलो असं म्हणता येईल. पण आधी विचारून तर बघूया.

काय, पटतंय का? पटलं तर विद्यार्थी प्रतिनिधींकडे नाव द्या. नाही पटलं तर रात्री मेसमध्ये या, वाद घालू. चहा माझ्याकडून. फिक्स्ड!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल